सोयाबीनला जो नियम, तो कातडीला का नाही?

रात्री दोन-अडीचच्या सुमाराला आमच्या घरात एक बारीक आवाज सुरू होतो, उंदीर पुठ्ठा कुरतडतो तसा. दिवा लावून पाहावं तर माझी सात वर्षांची मुलगी गाढ झोपेत कोपराची लवण खाजवत असते. झोपताना हातांत चढवलेले सुती मोजे पायाशी पडलेले. एक हात धरला की दुसरा गुडघ्यामागे जातो. सकाळी उशीच्या अभ्र्यावर तांबूस ठिपके, चादरीवर गव्हाचा कोंडा सांडावा तशी कातडी, आणि गणवेश अर्ध्या बाह्यांचा असल्यामुळे रोजचा एक प्रश्न, "आई, आज फुल बाह्यांचा घालू?" पाच वर्षं हे चाललं आहे. त्यामुळे इसबावर कुणी काही नवं सांगू लागलं की मी कान टवकारते, आणि तेव्हाच धास्तावतेही.

गेल्या दिवाळीत न्यू जर्सीहून आलेल्या चुलत जाऊबाईंनी एक छोटी बाटली आणली. तिच्यात म्हणे चांगले जिवाणू आहेत, कातडीवर फवारायचे, तिकडे चिठ्ठीशिवाय मिळतात. "सगळं नैसर्गिक आहे गं, ती स्टेरॉइडची ट्यूब आधी फेकून दे." शेजारी बसलेले आमचे एक काका, निवृत्त डॉक्टर, लगेच उखडले. "हे थोतांड आहे. याचा निकाल दोन हजार एकवीसलाच लागलाय. जिवाणू मारायचे असतात, पोरीच्या अंगाला फासायचे नसतात." मग फराळाचं ताट पुढ्यात तसंच राहिलं आणि तासभर वाद झाला. पुढे मुलांच्या इसबाने गांजलेल्या इतर आयांशी बोलले, तर तिथेही हाच वाद, याच दोन टोकांना. एकीला जिवाणू म्हणजे निसर्गाचा आशीर्वाद वाटतो, दुसरीला जाहिरातीचा फुगा. दोघी ज्याबद्दल भांडतात तो "जिवाणू" मात्र एकच कुणीतरी आहे, असं दोघीही गृहीत धरतात.

माझं मत आधीच सांगते. कातडीवरच्या जिवाणूंनी इसबावर उपचार करण्याची कल्पना भक्कम आहे, ती एका चाचणीच्या अपयशाने मेलेली नाही. पण ती अजून सिद्धही झालेली नाही, आणि सिद्ध व्हायच्या आत ती सौंदर्यप्रसाधनांच्या फळीवर जाऊन बसली, हे तिचं आणि आमच्या मुलांचंही नुकसान आहे. तिला औषधाचीच कसोटी लागली पाहिजे: कुठला वाण (म्हणजे एकाच जातीच्या जिवाणूचा नेमका कुठला प्रकार), किती जिवंत, कुणाच्या कातडीवर, कशाच्या तुलनेत. हे चार प्रश्न विचारल्याशिवाय "गुण येतो का" हा पाचवा प्रश्न विचारण्यात अर्थच नाही.

कल्पना भक्कम का म्हणते? इसबाच्या चट्ट्यावर एक जिवाणू हटकून सापडतो, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. लेडन, मार्पल्स आणि क्लिगमन या संशोधकांनी १९७४ सालीच तो चट्ट्यांवर मोठ्या संख्येने असल्याचं दाखवलं होतं. २०१६ साली तोवरचे सगळे अभ्यास एकत्र केले गेले, तेव्हा इसबाच्या साधारण ७० टक्के रुग्णांच्या चट्ट्यांवर तो निघाला. अमेरिकेत हायडी काँग आणि ज्युली सेग्रे यांच्या गटाने २०१२ साली मुलांच्या कातडीवरचे जिवाणू वेगवेगळ्या दिवशी मोजले. इसब उफाळतं तेव्हा ऑरियस माजतो आणि बाकीच्यांची विविधता घटते, उतरतं तेव्हा बाकीचे परत येतात. हा ऑरियस नुसता बघ्या नाही. त्याची विषद्रव्यं आणि विकरं (एन्झाइम) कातडीचा बांध पोखरतात. २०२३ साली हार्वर्डमधल्या संशोधकांनी दाखवलं की त्याचं एक विकर खाजेच्या मज्जातंतूंना थेट चेतवतं, मध्ये दाह नसला तरीही. रात्री अडीचच्या त्या आवाजामागे जिवाणूचाही हात असू शकतो, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तसाच कागद धरून बसले होते. दुसऱ्या बाजूला, निरोगी कातडीवर राहणारे त्याचेच चुलतभाऊ, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आणि होमिनिस, ऑरियसला मारणारी द्रव्यं तयार करतात. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला रिचर्ड गॅलो यांच्या गटाने २०१७ साली दाखवलं की इसबाच्या रुग्णांत नेमके असे राखणदार वाण कमी पडतात. मग बाहेरचे राखणदार आणून बसवले तर? हा प्रश्न कुणालाही सुचेल, आणि तो विचारायलाच हवा होता.

सुरुवातीचे निकालही मन उभारी धरेल असेच होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत इयन माइल्स यांच्या गटाने निरोगी माणसांच्या कातडीवरचा रोझिओमोनास म्युकोसा नावाचा जिवाणू घेतला, साखरेच्या पाण्यात मिसळला आणि रुग्णांच्या चट्ट्यांवर फवारला. २०१८ साली निकाल आला: दहा प्रौढांपैकी सहांना आणि पाच मुलांपैकी चौघांना निम्म्याहून जास्त फरक पडला. २०२० साली वीस मुलांचा निकाल आला, त्यात सतरा मुलांची तीच गोष्ट. स्टेरॉइडचं मलमही कमी लागलं. कुठल्या आईला हे वाचून घरात ती बाटली असावी असं वाटणार नाही?

इथे काकांचं म्हणणं पूर्ण ताकदीनिशी मांडलं पाहिजे, कारण ते कच्चं नाही. वरच्या दोन्ही अभ्यासांत तुलनेला दुसरा गट नव्हता. फवारा काय आहे हे रुग्णांनाही माहीत होतं, डॉक्टरांनाही. मग फोर्ट बायोसायन्सेस या कंपनीने याच जिवाणूच्या तीन वाणांचं औषध करून रीतसर चाचणी घेतली. निम्म्या रुग्णांना जिवाणू, निम्म्यांना दिसायला तसाच पण जिवाणू नसलेला फवारा. सप्टेंबर २०२१ मध्ये आकडे बाहेर आले. जिवाणू मिळालेल्यांपैकी ५८ टक्के रुग्णांचं इसब निम्म्यावर आलं, आणि नुसता फवारा मिळालेल्यांपैकी ६० टक्के. कंपनीने ते औषध सोडून दिलं.

या साठ टक्क्यांपाशी थांबायला हवं, कारण सगळी मेख तिथे आहे. जिवाणू नसताना साठ टक्के लोक बरे कसे झाले? इसब चढतं आणि उतरतं. माणूस चाचणीत नाव घालतो ते इसब शिखरावर असताना, त्यानंतर ते बहुधा उतरणारच असतं. शिवाय चाचणीत गेलं की कुणीतरी दर पंधरा दिवसांनी चट्टे पाहतं, विचारपूस करतं, मॉइश्चरायझर लावलं का म्हणून टोकतं, आणि माणूस खरंच लावू लागतो. आमच्याकडेच एका मे महिन्यात मी मुलीला कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घालत होते, तीन आठवड्यांत हात गुळगुळीत झाले. मी दहा जणींना सांगितलं. पुढच्या वर्षी तेच पाणी, तोच पाला, आणि ऑगस्टपर्यंत काही म्हणजे काही झालं नाही. त्या दहा जणींपैकी कितींनी ते अजून चालू ठेवलंय, कोण जाणे. ज्या आजारात साठ टक्के लोक नुसत्या पाण्याने सुधारतात, त्यात "आम्हाला गुण आला" या वाक्याचं वजन किती धरायचं? जाऊबाईंनी बाटली देताना एवढं एकच वाक्य पुरावा म्हणून दिलं होतं.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. जिवाणू हे कारण आहे की परिणाम? २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातले दोष इसबाशी जोडले. कातडीच्या वरच्या थराचा गिलावा नीट बसण्यासाठी हे प्रथिन लागतं. बांध जन्मजातच कच्चा, त्यातून पाणी निघून जातं, बाहेरचं आत येतं, दाह पेटतो, आणि अशा कोरड्या, दाहलेल्या कातडीवर ऑरियसला रान मोकळं मिळतं. डुपिलुमॅब हे २०१७ साली मंजूर झालेलं इंजेक्शन जिवाणूला हातही लावत नाही, ते फक्त शरीराचे दाहाचे दोन संदेश अडवतं. तरी ते घेणाऱ्यांच्या कातडीवरचा ऑरियस कमी होतो आणि इतर जिवाणू परततात. म्हणजे घर दुरुस्त केलं की भाडेकरू आपोआप बदलतात. उलट ऑरियस मारण्याचे उपाय, म्हणजे अँटिबायोटिक मलमं, जंतुनाशक साबण, ब्लीच घातलेल्या पाण्याची आंघोळ, यांच्या चाचण्यांचा कॉक्रेनने, म्हणजे उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, २०१९ साली घेतलेला आढावा फारसा आशादायक नाही. पोटातून द्यायच्या प्रोबायोटिकचा, म्हणजे "चांगल्या" जिवाणूंच्या पुड्या-गोळ्यांचा, त्यांचा २०१८ चा आढावा तर आणखी स्पष्ट आहे: ३९ चाचण्या, सुमारे २,६०० माणसं, आणि इसबात फरक जवळजवळ शून्य. मुलांच्या इसबासाठी महागडी पाकिटं रोज दुधात कालवणाऱ्या पालकांना हे कुणीतरी सांगायला हवं.

एवढं सगळं मान्य करूनही मी काकांच्या बाजूला जात नाही. का, ते सांगायला मला लातूर जिल्ह्यातल्या माझ्या माहेरी जावं लागेल.

मृगाचा पाऊस झाला की माझा भाऊ सोयाबीनच्या बियाण्याला जिवाणू चोळतो. रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर गाठी करून पिकाला नत्र पुरवणाऱ्या जिवाणूचं, पाव किलोचं पाकीट, दहा किलो बी, आणि जिवाणू बियाला धरावेत म्हणून गुळाचं पाणी. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यांत शेवटी, नाहीतर औषधाने तेच मरतात. मग बी सावलीत वाळवायचं, उन्हात नाही, आणि त्याच दिवशी पेरून टाकायचं. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही. दोन्ही रायझोबियमच म्हणवतात, पण सोयाबीनच्या मुळावर गाठी धरायला सोयाबीनचाच वाण लागतो. आणि ज्या रानात वर्षानुवर्षं सोयाबीन झालंय, तिथे मातीत ते जिवाणू आधीच असतात, त्यामुळे पाकिटाचा फरक डोळ्यांना दिसत नाही. समजा कुणी हरभऱ्याचं संवर्धक सोयाबीनला चोळलं, बी तापल्या मातीत पेरलं, गाठी धरल्या नाहीत, आणि मग म्हणाला की मुळावरचे जिवाणू हे थोतांड आहे, तर माझा भाऊ त्याला काय म्हणेल? आणि दुसरा कुणी म्हणाला की जिवाणू चांगलेच असतात, कुठल्याही पिकाला कुठलंही पाकीट चोळा, त्याला काय म्हणेल?

कातडीच्या बाबतीत नेमकं हेच घडलेलं दिसतं. गॅलो यांच्या गटाने २०२१ साली "नेचर मेडिसिन"मध्ये ५४ प्रौढांची चाचणी प्रसिद्ध केली. निरोगी माणसाच्या कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस होमिनिसचा एक निवडक वाण, एक आठवडा, हाताला लावायचा, आणि तुलनेला जिवाणू नसलेलं मलम. चट्ट्यांवरचा ऑरियस घटला, पण सगळ्यांचा हिशेब एकत्र केला तर इसबाच्या तीव्रतेत फरक दिसला नाही. काका इथेच वही मिटतील. पण पुढे पाहा: ज्यांच्या अंगावरचा ऑरियस या वाणाने थेट मरू शकत होता, अशा रुग्णांचे चट्टे सुधारले. ज्यांच्यावरचा ऑरियस त्याला दाद देत नव्हता, त्यांचे नाहीत. मागाहून पाडलेल्या गटांवर फार विसंबू नये हे मला कळतं. आकडे पुरेसे हलवले की हवं ते दिसू लागतं. तरीही ही दिशा अर्थपूर्ण आहे, कारण ती कामाच्या रीतीशी जुळते: राखणदार तोच, पण समोरचा चोर वेगळा. मग सरसकट शंभर जणांवर एकच वाण फवारून सरासरी काढली आणि ती शून्य आली, तर आश्चर्य कसलं? अँटिबायोटिकच्या अपयशाचंही तसंच. नांगर फिरवला की तणाबरोबर पीकही जातं, आणि मोकळ्या रानात आधी तणच उगवतं. २०२३ मध्ये नायट्रोसोमोनास या, मातीत आढळणाऱ्या कुळातल्या जिवाणूची ५४७ प्रौढांवरची चाचणी आली. त्यात खाज जिवाणू नसलेल्या फवाऱ्यापेक्षा जास्त उतरली, फरक माफक होता. थोतांडाला माफक फरकही पडत नाही.

पण याच युक्तिवादाचा गैरवापर किती सहज होतो, तेही पाहिलं पाहिजे. "वाण बरोबर नव्हता" हे कुठल्याही अपयशानंतर म्हणता येतं. ते म्हणणाऱ्याने पुढच्या चाचणीआधीच सांगायला हवं की कुठल्या रुग्णांत गुण येईल आणि कुठल्यांत येणार नाही, आणि मग ते खोटं ठरण्याची जोखीम घ्यायला हवी. जाऊबाईंच्या बाटलीवर असं काही लिहिलेलं नव्हतं.

बाहेरचे राखणदार आणून बसवण्याचा हा प्रयोग जगाने एकदा केलेलाही आहे, साठ वर्षांपूर्वी, आणि इसबाच्या आजच्या चर्चेत त्याचं नावही कुणी काढत नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी जगभरातल्या प्रसूतिगृहांत ऑरियसच्या ८०/८१ नावाच्या जहाल वाणाची साथ होती. पेनिसिलिनला तो जुमानत नव्हता, नवजात बाळांना गळवं, न्यूमोनिया, मृत्यू. न्यूयॉर्कमध्ये हेन्री शाइनफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की ज्या बाळांच्या नाकात ऑरियसचाच दुसरा, निरुपद्रवी वाण आधी येऊन बसलाय, त्यांना ८०/८१ धरत नाही. त्यांनी ५०२ए नावाचा वाण निवडला आणि जन्मल्यावर काही तासांत तो बाळांच्या नाकात आणि नाळेच्या देठाशी मुद्दाम लावायला सुरुवात केली. साथी आटोक्यात आल्या. ज्या जातीच्या जिवाणूला आज आपण इसबातला खलनायक म्हणतो, त्याच जातीचा एक वाण इथे पहारेकरी झाला! मग "चांगला जिवाणू" ही जात कुठून आली? आणि याच गोष्टीचा शेवटही ऐका: १९७२ साली एका बाळाच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध झाली. रक्तात पसरलेला जिवाणू ५०२ए होता. पहारेकरी एका कमजोर घरात शिरून चोर झाला. रोझिओमोनास म्युकोसाचीही अशी नोंद आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती ढासळली आहे, शिरेत नळी घातलेली आहे, अशा रुग्णांच्या रक्तात तो सापडलेला आहे. निरोगी मुलाच्या कोपरावर फवारण्याचा धोका त्यामुळे मोठा ठरत नाही, आजवरच्या चाचण्यांत तसं काही दिसलेलंही नाही. पण "नैसर्गिक आहे, अपाय काय होणार" हे वाक्य मात्र त्या बाळासमोर उच्चारता येणार नाही.

मुंबईला तर हा धडा आपल्याच अंगणात मिळाला आहे. १८९६ च्या प्लेगमध्ये जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या इमारतीत त्यांनी मारलेल्या प्लेगजंतूंची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पण स्वतःला टोचून घेणं हे धैर्य होतं, पुरावा नव्हता, आणि हे त्यांना ठाऊक होतं. पुरावा भायखळ्याच्या तुरुंगात मिळाला, जिथे टोचून घेतलेल्या आणि न घेतलेल्या कैद्यांची गाठ एकाच साथीशी, एकाच छपराखाली पडली. पुढे १९०२ साली पंजाबात मलकोवाल गावी लसीच्या एका दूषित बाटलीतून १९ माणसं धनुर्वाताने गेली. हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांचं काम थांबलं, आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरेपर्यंत पाच वर्षं वाया गेली. लस चांगलीच होती. बाटली कशी भरली, कुणी उघडली, त्यात दुसरं काय शिरलं, याने माणसं मेली आणि लसीची अब्रूही गेली. जिवंत जिवाणूंच्या उपचाराला बाटलीचा प्रश्न तर त्याहून मोठा आहे, कारण इथे जंतू मारून निर्धास्त होण्याची सोयच नाही.

आता बाजाराकडे येते, आणि इथे माझा राग लपवत नाही. २०२४ साली अमेरिकेच्या त्याच राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जाहीर केलं की रोझिओमोनास म्युकोसा आता चिठ्ठीशिवाय, प्रोबायोटिक म्हणून मिळू लागला आहे. औषध म्हणून नाही. याच्या बाजूने जे बोललं जातं त्यात तथ्य आहे. जिवंत औषधाला मंजुरी मिळवण्याचा खर्च अवाढव्य असतो. २०२१ च्या अपयशानंतर त्यात पैसे घालायला कोण पुढे येणार? मग हा जिवाणू फ्रीझरमध्ये पडून राहण्यापेक्षा लोकांच्या हाती जाऊ दे, पालकांना काहीतरी नवं तरी मिळू दे. मीही त्याच पालकांपैकी एक आहे, त्यामुळे हा मोह मला आतून माहीत आहे. पण याचा परिणाम काय होतो? दुकानात मिळू लागलं की चाचणी करण्याची निकड संपते. दर घरात एक-एक रुग्णाची चाचणी सुरू होते, तुलनेला गट नाही, नोंद नाही, आणि साठ टक्के लोक सांगतात की गुण आला. दहा वर्षांनी आपल्याजवळ लाखो बाटल्यांचा खप असेल आणि ज्ञान २०२१ इतकंच.

आपल्याकडच्या फळ्यांवर तर "प्रोबायोटिक" क्रीमं आणि फेसवॉशांची रांगच लागली आहे. घटकांची यादी वाचून पाहा. बहुतेकांत "लायसेट" किंवा "फर्मेंट फिल्ट्रेट" असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे फोडलेले मेलेले जिवाणू किंवा त्यांचं गाळलेलं पाणी, आणि जोडीला फिनॉक्सिइथेनॉलसारखं टिकवणारं द्रव्य, ज्याचं कामच बाटलीत जिवाणू वाढू न देणं हे आहे. मेलेल्या जिवाणूंच्या अर्कानेही कातडीला काही फायदा होऊ शकतो, ते वेगळं तपासता येईल. पण उकळत्या दुधात विरजण घालून दही लागण्याची वाट पाहायला कुणी सांगितलं, तर आपण ऐकू का?

आणि आता भावाचं ते पाकीट पुन्हा हातात घेते. आपल्याकडे खत नियंत्रण आदेश आहे, १९८५ चा, आणि जिवाणू खतं त्यात येतात. रायझोबियमच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. भलत्या जिवाणूची भेसळ किती चालेल याला मर्यादा आहे. मुदत छापावी लागते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पाकिटावर ज्या पिकांची नावं असतील त्या पिकांच्या मुळांवर त्या वाणाने प्रत्यक्ष गाठी धरल्या पाहिजेत, अशी अट आहे. म्हणजे सोयाबीनच्या बियाला जो जिवाणू लावायचा, त्याला नाव, संख्या, शुद्धता आणि गुण, चारही दाखवावे लागतात. माझ्या मुलीच्या उललेल्या कातडीवर जो फवारायचा, त्याला फक्त सुंदर लेबल पुरतं. हे कुठल्या तर्काने बरोबर आहे?

या सगळ्यात सर्वांत जास्त घात होतो तो स्टेरॉइडच्या प्रश्नावर, म्हणून त्यावर बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. "ट्यूब फेकून दे" हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज पटतं, कारण स्टेरॉइडने आपल्याकडे खरंच वाटोळं केलं आहे. मुलगी दोन वर्षांची असताना इसब म्हणजे गजकर्णच समजून मी मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. तिच्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि एक जहाल स्टेरॉइड, तिन्ही एकत्र होतं. चार दिवसांत चट्टे गेले, मी देवाला पेढे ठेवले. थांबवली की दुप्पट जोमाने परत, मग पुन्हा तीच ट्यूब. तीन महिन्यांनी मांडीच्या सांध्यात कातडी सिगारेटच्या कागदासारखी झाली आणि खालच्या शिरा दिसू लागल्या, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले. ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. २०११ साली देशभरातल्या केंद्रांनी मिळून चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, त्यात ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. पण त्याच त्वचारोगतज्ज्ञांनी मला सौम्य स्टेरॉइड दिलं, किती लावायचं ते बोटाच्या पेरावर मोजून दाखवलं, कधी थांबवायचं ते कागदावर लिहून दिलं, आणि तिची कातडी सावरली. १९५२ साली सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम इसबावर वापरून दाखवलं, त्याआधी रुग्णांच्या नशिबी डांबराचे लेप होते. सत्तर वर्षं वापरलेलं, मोजलेलं, त्याचे अपायसुद्धा नेमके माहीत असलेलं औषध फेकून, ज्याचा वाण आणि संख्या माहीत नाही असा फवारा हातात घ्यायचा? वाईट वापर झाला म्हणून औषध वाईट, आणि वापरच झालेला नाही म्हणून जिवाणू चांगला, हा हिशेब मला मंजूर नाही.

आपल्या इथे चाचणी करायची तर आणखी एक काम आधी करावं लागेल. अमेरिकेतल्या बेथेस्डा किंवा सॅन दिएगोच्या निरोगी माणसाचा वाण पुण्या-लातूरच्या कातडीवर तसाच रुजेल, हे गृहीत धरता येत नाही. मे महिन्यात लातूरला ओठ फुटतात, जुलैत कोकणात कपडे वाळत नाहीत. कातडीवरची वस्ती घाम, तेल, हवा, घरातली माणसं यांनी ठरते. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) आणि पुण्यातल्या कुटुंबांच्या कातडीवरचे जिवाणू पिढ्यांनुसार तपासून प्रसिद्ध केले आहेत. जिवाणूंचे वाण जपून ठेवणारं मोठं राष्ट्रीय केंद्रही पुण्यातच आहे. सुरुवात करायला लागणारं बियाणं आपल्याजवळ आहे. निरोगी मराठी मुलांच्या कोपरांवर कोण राखण करतंय, ते कुठल्या ऑरियसला मारतात, हे आधी शोधा, मग वाण निवडा, मग निम्म्या मुलांना तो आणि निम्म्यांना नुसतं पाणी द्या, आणि मॉइश्चरायझर आणि गरजेपुरतं स्टेरॉइड दोघांनाही चालू ठेवा. यात अशक्य काय आहे?

जाऊबाईंची बाटली आमच्या फ्रीजच्या दारात आहे, सील न फोडलेली. फेकवत नाही, आणि उघडत नाही. अशी चाचणी उद्या एखाद्या सरकारी रुग्णालयात निघाली, तर नाव द्यायला मी पहाटे रांगेत उभी राहीन. माझ्या मुलीच्या वाट्याला जिवंत जिवाणू आले की साधं साखरपाणी, हे मला वर्षभर कुणी सांगणार नाही. ते मला चालेल.